साच्यांतील राळ आणि तिचें गणित

गतवर्षीं नाताळच्या सुटीपूर्वीं आमच्या नवव्या इयत्तेची सहल सातारा जिल्ह्यांत गेली होती. पाटण तालुक्यांतील वनकुसवडे पठारावर, कोयनेच्या जलाशयाच्या वरच्या अंगास, पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. त्यांपैकीं एका खांबाच्या पायथ्याशीं मुलें मान वर करून पाहत असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, एवढें लांब पातें ओततात कीं घडवितात? आणि आंत कोठें पोकळ राहिलें तर तें कळतें कसें?" वाऱ्याच्या आवाजांत आम्हीं कांहीं तरी अर्धेंमुर्धें उत्तर दिलें व मुलांस गाडीकडे वळविलें. परंतु प्रश्न मोठा मार्मिक होता, आणि अर्ध्या उत्तराचें ऋण शिक्षकाच्या मनावर राहतेंच. तें फेडावें ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

पवनचक्कीचें पातें लोखंडाचें नसतें, आणि निव्वळ प्लास्टिकचेंही नसतें. तें मुख्यतः कापडाचें असतें असें म्हटलें, तर ज्यांच्या घरांत दोन-तीन पिढ्या माग चालला आहे अशा आमच्या पुष्कळ पालकांस नवल वाटेल. पण गोष्ट खरी आहे. काच वितळवून तिचे केसाहूनही बारीक तंतु काढतात, त्यांचें कापड विणतात, त्या कापडाचे थर साच्यांत एकावर एक अंथरतात आणि त्यांत रेझिन नांवाची कृत्रिम राळ भरतात. राळ घट्ट झाली म्हणजे ती व कापड मिळून एकजीव पदार्थ होतो. अशा पदार्थास संमिश्र पदार्थ म्हणतात. बाजारांत त्यालाच फायबरग्लास किंवा एफ.आर.पी. हें नांव आहे. तंतु ताण सोसतात. राळ त्यांस जागच्या जागीं धरून ठेवते व एका तंतूवरील भार दुसऱ्यावर पोंचविते. आपले वाडवडील मातीच्या भिंती घालतांना चिखलांत गवत व भुसा मिसळीत, त्यांतील तत्त्व हेंच होतें.

हा पदार्थ हलका, बळकट व न गंजणारा असल्यामुळें त्याचा प्रसार फार झाला आहे. पाण्याच्या टाक्या, मासेमारीच्या होड्या, आगगाडीच्या डब्यांतील भाग, विमानांचे पंख, सर्वत्र तो दिसतो. गोव्यांत पिळर्ण येथील किनेको नांवाच्या कारखान्यांत रेल्वेसाठीं व विमानांसाठीं असे भाग तयार होतात. बंगळूर येथील नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज ह्या संस्थेनें आपल्या 'सारस' विमानाच्या पंखासाठीं कोरड्या कापडांत निर्वाताच्या साहाय्यानें राळ ओढून घेण्याची पद्धति तयार केली. पवनचक्कीचीं पातींही बहुधा ह्याच रीतीनें होतात. म्हणून आधीं ती रीत समजून घेऊं.

पात्याचे दोन अर्धे भाग वेगवेगळ्या साच्यांत करून मागाहून एकमेकांस चिकटवितात. पात्याच्या अर्ध्या आकाराचा, होडीसारखा खोलगट असा एक साचा असतो. त्यांत काचेच्या कापडाचे कोरडे थर नीट अंथरतात. मधून मधून बाल्सा नांवाच्या अत्यंत हलक्या लांकडाचे किंवा फोमाचे तुकडे बसवितात. सर्वांवर प्लास्टिकचा पातळ पडदा पसरून त्याच्या कडा चिकट पट्टीनें साच्यास अगदीं हवाबंद करितात. मग एका बाजूनें पंप लावून आंतील हवा काढून घेतात. हवा गेली कीं बाहेरच्या वातावरणाचा दाब पडद्यावर पडूं लागतो. हा दाब दर चौरस मीटरास सुमारें दहा टन इतका असतो, हें विज्ञानाच्या पुस्तकांत विद्यार्थ्यांनीं वाचलेंच आहे. त्या दाबानें कापड साच्यास घट्ट चिकटतें. नंतर दुसऱ्या बाजूची नळी राळेच्या पिंपांत सोडतात. पिंपांतील राळेवर वातावरणाचा दाब व साच्यांत निर्वात, म्हणून राळ आपोआप कापडांत शिरून पुढें सरकूं लागते.

ही राळ कशी असते? घरांत फुटलेली वस्तु सांधण्यासाठीं अ‍ॅराल्डाइटच्या दोन नळ्या आणतात. एकींत राळ असते व दुसरींत तिला घट्ट करणारें द्रव्य. दोन्हीं मिसळलीं कीं रासायनिक क्रिया सुरू होते आणि कांहीं वेळानें तें मिश्रण दगडासारखें होतें. मेण किंवा लाख तापविली तर पुन्हां पातळ होते. ही राळ मात्र एकदां घट्ट झाली कीं कितीही तापविली तरी करपेल, पण वितळणार नाहीं. भाजलेल्या विटेची पुन्हां माती होत नाहीं, तसेंच हें आहे.

आणि ह्या एका गुणामुळेंच कारागिराच्या जिवास घोर लागतो. लोखंडाचें ओतकाम फसलें तर तें मोडून पुन्हां भट्टींत घालतां येतें. येथें तशी सोय नाहीं. राळ कोठें पोंचलीच नाहीं व कापड कोरडें राहिलें, तर राळ घट्ट झाल्यानंतर तेवढा भाग कापून ठिगळ लावावें लागतें, नाहीं तर काचेचें कापड, लांकूड, राळ व अनेकांची मेहनत ह्यांसह तें सबंध पातेंच टाकून द्यावें लागतें. कोरडा भाग नजरेस न पडतां तसाच राहिला, तर त्याहून वाईट. कारण वर्षानुवर्षें वाऱ्याचे हेलकावे खातांना तडा तेथूनच सुरू होतो. विमानाच्या भागांत तर अशा पोकळ्यांचें प्रमाण शेंकडा एक-दोनांहून अधिक चालत नाहीं असा सामान्य दंडक आहे. सारांश, चूक होण्यापूर्वींच ती ओळखतां आली पाहिजे.

राळ साच्यांत कशी पसरते हें डोळ्यांसमोर आणण्यासाठीं आपण शेतांत जाऊं. उसाच्या किंवा ज्वारीच्या रानांत पाणी धरणारा मनुष्य पाटाचें दारें फोडून वाफ्यांत पाणी सोडतो. माती सर्वत्र सारखी असेल तर पाणी एका रेषेंत पुढें जातें. पण बांधाच्या कडेनें एखादी चर राहिली असेल तर पाणी त्या सोप्या वाटेनें धांवत सुटतें, वाफ्याच्या पलीकडच्या टोंकास पोंचतें, तेथून मागें वळतें, आणि मधला तुकडा चोहोंकडून पाण्यानें वेढला जाऊनही कोरडाच राहतो. साच्यांतही नेमकें असेंच घडतें. कापडाची कड व साच्याची भिंत ह्यांमध्यें केसभर फट राहिली तरी राळ तिच्यांतून पुढें पळते. तिचे दोन प्रवाह समोरासमोर येऊन मिळतात व मध्यें उरलेली हवा कोंडली जाते. शेतकऱ्यास हें दिसतें व तो फावड्यानें पाणी वळवितो. साच्यांत मात्र वरचा थर पडद्याआडून दिसला तरी खालचे थर दिसत नाहींत. आणि जेथें साच्याचे दोन्हीं भाग धातूचे असतात तेथें तर कांहींच दिसत नाहीं. म्हणून जें डोळ्यांस दिसत नाहीं तें गणितानें पाहावें लागतें.

ह्या गणिताचा पाया संगणकाच्या शोधापूर्वीं पुष्कळ वर्षें घातला गेला होता. फ्रान्समधील दिजाँ ह्या शहरास पाणी पुरविणारे अभियंते हेन्री दार्सी ह्यांनीं वाळूनें भरलेल्या उभ्या नळ्यांतून पाणी झिरपवून मोजमापें घेतलीं व १८५६ सालीं आपला नियम प्रसिद्ध केला. त्याचा भावार्थ असा: सच्छिद्र पदार्थांतून द्रव किती वेगानें जाईल हें तीन गोष्टींवर अवलंबून असतें. दाबांतील फरक जितका अधिक तितका वेग अधिक. द्रव जितका दाट तितका वेग कमी. आणि त्या पदार्थांतून द्रव जितका सुलभपणें जाऊं शकेल तितका वेग अधिक. ह्या तिसऱ्या गुणास पारगम्यता म्हणतात. वाळूच्या जागीं काचेचें कापड व पाण्याच्या जागीं राळ घातली कीं दार्सींचा नियम आपल्या साच्यास लागू होतो.

आतां एक उदाहरण करून पाहूं. सरळ पट्टीसारख्या कापडांत एका टोंकाकडून राळ सोडली, तर ती भरण्यास लागणारा वेळ काढण्याची रीत अशी: कापडांतील पोकळीचें प्रमाण, राळेचा दाटपणा व लांबीचा वर्ग ह्यांचा गुणाकार करावा, आणि त्यास पारगम्यता व दाब ह्यांच्या गुणाकाराच्या दुपटीनें भागावें. समजा, कापडांत निम्मी जागा पोकळ आहे. राळ पाण्याच्या सुमारें तीनशेंपट दाट आहे. दाब एका वातावरणाइतका आहे. आणि पारगम्यता एका चौरस मीटरचा एक हजार कोटीवा भाग आहे. तर अर्धा मीटर लांबीस सुमारें ३१ मिनिटें लागतात. एक मीटर लांबीस किती लागतील? पुष्कळ विद्यार्थी घाईनें ६२ म्हणतील. पण लांबीचा वर्ग आहे हें विसरूं नये. उत्तर १२५ मिनिटें येतें. दोन मीटरांस ५०० मिनिटें, म्हणजे आठ तासांहून अधिक! हल्लींच्या मोठ्या पात्यांची लांबी साठ मीटरांच्याही वर जाते. एका टोंकाकडून राळ सोडून तें कधींच भरणार नाहीं हें ह्या एका त्रैराशिकाबाहेरच्या हिशेबावरून कळतें. म्हणूनच पात्यास ठिकठिकाणीं नळ्या लावतात व राळ लवकर पसरावी म्हणून कापडावर एक विरळ जाळी अंथरतात.

सोलापुरापुरती एक गंमत येथेंच सांगतों. आपलें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंच आहे. त्यामुळें येथील हवेचा दाब मुंबईपेक्षां शेंकडा पांचांच्या आसपास कमी असतो. राळ ढकलणारी शक्ति म्हणजे हाच दाब; तेव्हां तोच साचा, तेंच कापड व तीच राळ असतांही येथें साचा भरण्यास मुंबईपेक्षां तितकाच वेळ अधिक लागेल. स्थळाप्रमाणें उत्तर बदलतें तें असें.

एवढेंच असतें तर पाटी-पेन्सिलीनें काम भागलें असतें. परंतु राळ स्वस्थ बसत नाहीं. घट्ट करणारें द्रव्य मिसळल्या क्षणापासून तिची पक्व होण्याची क्रिया सुरू होते, व ती दाट दाट होत जाते. विरजण लावलेलें दूध कांहीं काळ दुधासारखेंच ओततां येतें, आणि मग एका वेळेनंतर भांडें कलतें केलें तरी तें वाहत नाहीं. राळेच्याही आयुष्यांत असा एक क्षण येतो. त्याच्या आधीं ती सर्व साच्यांत पोंचली पाहिजे. नंतर ती एक तसूही पुढें सरकणार नाहीं. गुऱ्हाळावर काहिलींतील पाक नेमका केव्हां उतरावा हें जाणणाऱ्या गुळव्याला सर्वजण मान देतात, तो ह्याच कारणासाठीं. वेळ चुकली कीं सारें काम बिघडलें.

उष्णतेचा खेळ तर दुहेरी आहे. राळ गरम केली कीं ती पातळ होते व वेगानें पसरते. पण त्याच उष्णतेनें ती घट्टही लवकर होते. तापमान दहा अंशांनीं वाढलें कीं अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो असा एक ढोबळ ठोकताळा आहे. त्या मानानें, पंचवीस अंशांच्या हिवाळी दुपारीं जी राळ दोन तास वाहती राहील ती वैशाखांतील चाळीस अंशांत पाऊण तासांतच बसेल. मग राळ भरण्यास आपला उन्हाळा चांगला कीं वाईट? पातळपणाचा लाभ अधिक कीं लवकर बसण्याचा तोटा अधिक? हें नुसत्या तर्कानें सांगतां येत नाहीं. हिशेबच करावा लागतो.

शिवाय राळ घट्ट होतांना स्वतःच उष्णता बाहेर टाकते. चुन्याच्या कळीवर पाणी ओतलें असतां ती जशी तापते, तसेंच हें आहे. पात्याच्या टोंकाकडे थर पातळ असल्यामुळें ही उष्णता निघून जाते. परंतु पातें जेथें खांबावरील चाकास जोडलेलें असतें तेथें थर पुष्कळ जाड असतात, आणि काच व राळ दोन्हीं उष्णतेचे मंद वाहक. उष्णता आंत कोंडते. त्यामुळें राळ अधिक वेगानें पक्व होते. त्यामुळें आणखी उष्णता निर्माण होते. अशा रीतीनें मधला गाभा बाहेरच्या भागापेक्षां फार तापतो व कधीं कधीं करपतो. निवतांना बाहेरचा व आंतला भाग सारखा आकसत नाहीं, म्हणून आंत ओढाताण राहते आणि वस्तु साच्यांतून काढल्यावर वांकडी होते किंवा तिला तडे जातात.

ह्या सर्व गोष्टींचे नियम वेगवेगळ्या काळीं वेगवेगळ्या लोकांनीं शोधून ठेविले आहेत. उष्णता पदार्थांतून कशी वाहते हें फ्रान्सचे फूरिए ह्यांनीं १८२२ सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितलें. तापमानाप्रमाणें रासायनिक क्रियेचा वेग कसा बदलतो ह्याचें सूत्र स्वीडनचे अर्‍हेनियस ह्यांनीं १८८९ सालीं मांडलें. राळ किती पक्व झाली व पुढच्या क्षणीं ती किती वेगानें पक्व होईल ह्यांचा संबंध जोडणारें, आजही वापरांत असलेलें एक सूत्र कमाल व सूरूर ह्या संशोधकांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलें. नियम वेगळाले माहीत आहेत. अडचण अशी कीं ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पक्वता दाटपणा ठरविते, दाटपणा वेग ठरवितो, वेगाबरोबर उष्णता इकडून तिकडे जाते, आणि उष्णता पुन्हां पक्वता ठरविते. ही सांखळी हातानें सोडवितां सोडवितां मनुष्य थकून जाईल. येथें संगणक उपयोगीं पडतो.

संगणक हें कसें करितो? तो कांहीं जादू करीत नाहीं. आपल्या मुलांस येणारेंच गणित तो न कंटाळतां लाखों वेळां करितो. प्रथम साच्याचा आकार संगणकांत चितारून त्याचे हजारों लहान लहान तुकडे पाडतात. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें त्यांस आपण घरें म्हणूं. प्रत्येक घराचे गुण नोंदवितात: येथें कापडाचे थर किती, पारगम्यता किती, तापमान किती, राळ किती भरली. रिकाम्या घराचा आंकडा शून्य, पूर्ण भरलेल्याचा एक.

मग भरलेल्या घरांतील दाब काढतात. ह्याची रीत फार सोपी आहे. कापड सर्वत्र सारखें असेल व घरें चौकोनी असतील, तर प्रत्येक घरांतील दाब हा त्याच्या शेजारच्या चार घरांतील दाबांची सरासरी असतो. एका सरळ रांगेचें उदाहरण घ्या. नळीशीं दाब १०० आहे व राळेच्या पुढच्या काठावर शून्य. मध्यें तीन घरें असतील तर त्यांतील दाब ७५, ५० व २५ येतील. प्रत्येक घर आपल्या दोन शेजाऱ्यांच्या सरासरीइतकें आहे हें ताडून पाहा. राळ आणखी एक घर पुढें गेली कीं चार घरें झालीं. आतां दाब ८०, ६०, ४० व २०. पूर्वीं एका घरापासून दुसऱ्यापर्यंत २५ ची उतरण होती, ती आतां २० चीच राहिली. म्हणजे राळ जसजशी पुढें जाते तसतसा तिला ढकलणारा उतार कमी होतो व ती मंदावते. लांबी दुप्पट झाली कीं वेळ चौपट कां लागतो, ह्याचें मर्म हेंच आहे.

दाबांवरून काठावरच्या घरांत किती राळ शिरेल तें काढतात; एखादें घर भरेपर्यंत घड्याळ पुढें सरकवितात; तेवढ्या वेळांत प्रत्येक घरांतील राळ किती तापली, किती पक्व झाली व किती दाट झाली तें नव्यानें नोंदवितात; आणि पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करितात. असें सर्व घरें भरेपर्यंत, किंवा राळ वाटेंतच घट्ट होईपर्यंत चालतें. साच्यांत एक थेंबही न घालतां राळेची सारी वाटचाल पडद्यावर दिसते. ह्यास सिम्युलेशन म्हणतात. आपण त्यास लुटुपुटीचा पण खऱ्या नियमांनीं चालणारा प्रयोग म्हणूं.

ह्या विद्येंत आपल्याकडे शिकलेल्या एका गृहस्थांचा वांटा आहे, हें विद्यार्थ्यांस ऐकून आनंद होईल. मुंबईस पवई येथील आय.आय.टी. ह्या संस्थेंतून १९८२ सालीं पदवी घेतलेले सुरेश अडवाणी पुढें अमेरिकेंतील डेलावेअर विद्यापीठांत प्राध्यापक झाले. तेथें त्यांनीं व ब्रुश्के ह्या सहकाऱ्यानें अशा घरांच्या रीतीनें साचा भरण्याचें गणित मांडून १९९० सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतूनच 'लिम्स' नांवाची संगणक-प्रणाली तयार झाली व ती अनेक ठिकाणीं वापरली गेली.

अशा प्रणालीचा खरा उपयोग उत्तर मिळविण्यांत नसून प्रश्न विचारण्यांत आहे. नळी मध्यें लावली तर काय होईल? कडेला लावली तर? हवा बाहेर जाण्याचें तोंड कोठें ठेवावें? मघाशीं बांधाजवळच्या चरीचें उदाहरण दिलें तेंच पाहा. चौकोनी साच्यास चार कडा आहेत. प्रत्येक कडेला फट राहील किंवा राहणार नाहीं. तेव्हां एकंदर प्रकार दोनाचा चौथा घात, म्हणजे सोळा. प्रत्यक्षांत सोळा वस्तु बिघडवून पाहणें कोणास परवडेल? संगणकांत सोळाही प्रकार करून पाहतां येतात, आणि ज्या जागीं तोंड ठेविलें असतां सोळांपैकीं कोणत्याही प्रकारांत हवा कोंडत नाहीं ती जागा निवडतां येते. चूक करावयाची तर ती कागदावर करावी, मालावर करूं नये, असा हा शहाणपणा आहे.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं आतां कारागिराची गरज उरली नाहीं. तसें मुळींच नाहीं. संगणकास पारगम्यतेचा आंकडा द्यावा लागतो, आणि तो आंकडा आकाशांतून पडत नाहीं. कापड घेऊन, साच्यांत दाबून, त्यांतून द्रव सोडून तो मोजावा लागतो. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. काचेच्या कापडाचा एक नमुना आम्हीं त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं तो बोटांत धरून तिरका ओढला, उजेडाकडे धरून पाहिला व म्हणाले, "मास्तर, उभा धागा दाट आहे, आडवा विरळ आहे. पाणी ह्यांत उभ्या अंगानेंच पळेल. आणि कोपऱ्यावर वळविलें तर वीण सरकेल. एकीकडे दाटेल, एकीकडे उघडी पडेल." पारगम्यता दिशेप्रमाणें निराळी असते व कापड वांकविलें कीं ती बदलते, ही गोष्ट समजावयास आम्हांस पुस्तकाचीं कित्येक पानें वाचावीं लागलीं होतीं. त्यांनीं ती क्षणांत सांगितली. ज्या घरांत वीण कळते त्या घरांतील मुलास ह्या शास्त्राची अर्धी वाट आधींच चालून झालेली असते, हें आमच्या पालकांनीं लक्षांत ठेवावें.

तरीही हें मोजणें किती कठीण आहे पाहा. निरनिराळ्या देशांतील अनेक प्रयोगशाळांनीं एकच प्रकारचीं कापडें वांटून घेऊन आपआपल्या पद्धतीनें त्यांची पारगम्यता मोजली. २०११ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हां असें दिसलें कीं एकाच कापडाच्या आंकड्यांत कोठें कोठें दहापटींपर्यंत तफावत आहे! मग सर्वांनीं मिळून मोजण्याची एकच रीत बारकाईनें ठरविली व पुन्हां प्रयोग केले. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या दुसऱ्या खेपेस तफावत शेंकडा वीस-पंचवीसच्या आसपास उतरली. आमच्या मतें ह्या हकीकतींत संगणकाच्या सामर्थ्याहूनही मोठा धडा आहे. त्या प्रयोगशाळांनीं आपले न जुळणारे आंकडे झांकून ठेविले नाहींत. ते जसे आले तसे छापले. म्हणूनच दोष सांपडला व सुधारतां आला. कोणी लाजेनें आपला आंकडा शेजाऱ्याच्या आंकड्याशीं जुळवून घेतला असता, तर सर्वांचीं उत्तरें सारखीं दिसलीं असतीं, आणि सर्व साचे मात्र चुकीचे भरले असते.

हें लिहितांना आम्हांस आमच्या विज्ञानशाळेंतील एक प्रसंग आठवतो. लंबकाच्या प्रयोगांत एका मुलाच्या वहींतील सर्व नोंदी इतक्या अचूक होत्या कीं गुरुत्वाचा आंकडा प्रत्येक वेळीं बरोबर पुस्तकांतल्यासारखाच येत होता. त्याच्या शेजारच्या मुलाचा आंकडा चुकला होता. त्यास कमी गुण मिळतील ह्या भीतीनें त्याचें तोंड उतरलें होतें. चौकशी करितां असें आढळलें कीं पहिल्यानें उत्तरावरून मागें हिशेब करून नोंदी लिहिल्या होत्या. दुसऱ्यानें खरोखर मोजलें होतें. त्याच्या लंबकाची दोरी आंकड्यावर सैल होती, एवढेंच. आम्हीं दुसऱ्यास अधिक गुण दिले. पहिल्याच्या पालकांस तें प्रथम रुचलें नाहीं. ते आम्हांस भेटावयास आले तेव्हां आम्हीं त्यांस पात्याची गोष्ट सांगितली: खोट्या आंकड्यानें वहींत कांहीं मोडत नाहीं, पण तोच मुलगा उद्यां कारखान्यांत गेला व त्यानें संगणकास असाच सोयीचा आंकडा दिला, तर पडद्यावर साचा सुरेख भरलेला दिसेल आणि पात्याच्या पोटांत कोरडी जागा राहील. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? ते क्षणभर स्तब्ध राहिले व म्हणाले, "मागावर एक धागा तुटला आणि तसाच झांकला, तर तो पुढें हातभर कापड बिघडवितो. मी त्याला सांगतों." पुढच्या सत्रांत त्या मुलाच्या वहींत खाडाखोड होती, आंकडे वेडेवांकडे होते, आणि तो प्रत्येक नोंद कशी घेतली हें सांगूं शकत होता. ती वही पाहून आम्हांस फार समाधान वाटलें.

आतां पठारावरील त्या प्रश्नाचें पूर्ण उत्तर देतां येईल. पातें ओततही नाहींत व ठोकून घडवीतही नाहींत. तें विणतात, भरतात व पिकूं देतात. आंत पोकळ राहिलें आहे कीं नाहीं हें मागाहून ध्वनिलहरींनीं तपासतातच. परंतु तें राहूं नये म्हणून आधीं गणित करितात, आणि गणित खरें व्हावें म्हणून त्याही आधीं कोणी तरी प्रामाणिकपणें मोजलेलें असतें. विद्यार्थीमित्रहो, पुढील सहलींत ज्यांस पवनचक्की पुन्हां दिसेल त्यांनीं फिरत्या पात्याकडे पाहतांना ह्या मोजणाऱ्याची आठवण करावी. त्याचें नांव पात्यावर लिहिलेलें नसतें. पण पातें वाऱ्यांत टिकतें तें त्याच्या खऱ्या आंकड्यावर.